मातृस्तुती आणि मातृऋण

गेल्या हिवाळ्यात यमुनेपलीकडील एका वसाहतीत, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी, स्मरणार्थ भरलेल्या प्रार्थनासभेस जाण्याचा आम्हांस योग आला. त्या घरातील वृद्ध माता वर्षापूर्वी निवर्तली होती. ती मूळची नगर जिल्ह्यातील. परिचारिकेचे शिक्षण घेऊन ती तरुणपणीच दिल्लीस आली, अकाली वैधव्य आले, आणि रात्रपाळ्या करून तिने तीन मुले वाढविली. निवृत्तीनंतरही शेजारच्या आजाऱ्यांच्या उशाशी बसणे तिने सोडले नाही. दर रविवारी उपासनेस जाणे आणि दररोज पहाटे शास्त्रवाचन करणे, हा तिचा नेम शेवटपर्यंत चालू होता.

भजने झाली, पाळकांनी प्रार्थना केली आणि थोरले चिरंजीव बोलावयास उठले. "आईने आयुष्यभर कष्ट उपसले, पण कधी काही मागितले नाही," हे सांगताना त्यांचा कंठ दाटून आला. सभेतील अनेकांचे डोळे पाणावले, आमचेही पाणावले. त्यानंतर धाकटी कन्या उठली. ती एवढेच म्हणाली, "दादा म्हणतो ते खरे आहे. पण आईला काही हवे नव्हते, असे मात्र नाही. आम्ही कधी विचारले नाही."

परतताना मेट्रोच्या डब्यात आमच्या मनात तेच वाक्य घोळत होते. मातेच्या कष्टांचे गुणगान आपण सारेच करतो. परंतु हे गुणगान म्हणजे ऋणाची कबुली, की ऋण फिटले असे मानून घेण्याची एक सोयीस्कर रीत? ज्या सोशिकतेमुळे आपले आयुष्य सुखकर झाले, तिलाच सद्गुणाचे नाव दिले, की ती सोशिकता तिच्यावर कोणी लादली, हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होणे स्वाभाविक होते. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपुरात त्या जन्मल्या. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. १८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरची काही वर्षे लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाईंनी नातलगांच्या आश्रयाने काढली. पुढे त्या पतीकडे परतल्या; पण परतताच त्यांनी धर्म बदलला नाही. आपले सोवळे त्यांनी काही काळ निराळे सांभाळले, आणि जातिभेद मनुष्यकृत आहे अशी स्वतःची खात्री पटल्यावर १९०० साली बाप्तिस्मा घेतला. नगरास प्लेगची साथ आली तेव्हा त्या स्वतः होऊन रोग्यांच्या शुश्रूषेस गेल्या. १९१९ साली टिळक वारले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य, बेताचेच लिहितावाचता येणाऱ्या या बाईंनी पुढे नेले.

या चरित्रात दोन प्रकारचे क्लेश आहेत, आणि ते एकमेकांत मिसळू देणे हा लक्ष्मीबाईंवर अन्याय होईल. पतीने न विचारता, न सांगता केलेल्या निर्णयांचे जे परिणाम त्यांना भोगावे लागले, ते त्यांनी निवडले नव्हते. प्लेगच्या रोग्यांजवळ जाणे त्यांनी निवडले होते. पहिले सोसणे, दुसरी सेवा. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही सारखीच दिसतात. दोन्हींत शरीर झिजते, झोप मोडते, पैसा पुरत नाही. परंतु नैतिक दृष्ट्या त्यांत मोठेच अंतर आहे. सेवेबद्दल आपण आदर बाळगावा. लादलेल्या सोसण्याबद्दल मात्र, निदान काही अंशी, आपणांस लाज वाटली पाहिजे.

'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. शेवटचा भाग त्यांच्या निधनानंतर पुत्र देवदत्त यांनी पुरा केला. या ग्रंथातील लक्ष्मीबाई रागावतात, भांडतात, रुसतात, स्वतःस हसतात. टिळकांवरील प्रेम त्या लपवीत नाहीत, आणि टिळकांचा विक्षिप्तपणाही लपवीत नाहीत. हे पुस्तक त्यांनी स्वतः लिहिले नसते, मुलानेच आईची गाथा रचली असती, तर हा राग आणि हे हसू त्यात उतरले असते काय? आमच्या मते बहुधा नसते. आपल्या हाती एक सोशिक, डोळे मिटलेली मूर्ती आली असती.

यावर कोणी म्हणेल, ख्रिस्ती श्रद्धेत दुःखालाच मोठेपणा आहे. तेथे हा हिशेब कशाला? आक्षेप गंभीर आहे. परंतु क्रूस स्वेच्छेने वाहणे ही एक गोष्ट आहे. कुरेनेकर शिमोनाला शिपायांनी वाटेत धरून क्रूस वाहावयास लावले, ही वेगळी. दुसऱ्यास शिमोन करून मग त्याच्या त्यागाची स्तोत्रे गाणे, हे कोणत्याही धर्मात बसत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात आणखी एक प्रसंग आहे. क्रूसावर प्राण जात असताना पुत्र खाली उभ्या असलेल्या मातेकडे पाहतो, आणि तिला आपल्या प्रिय शिष्याच्या हवाली करतो. त्या घटकेपासून तो शिष्य तिला आपल्या घरी नेतो. तेथे मातेच्या त्यागाबद्दल एकही शब्द नाही. आहे ती तिच्या निवाऱ्याची सोय.

आपले सांत्वन करण्यास मृत माता येत नाही, आणि तिचे राहिलेले मागणे आता पुरविताही येत नाही. मग स्मरणाचा उपयोग काय? आम्हांस वाटते, तिचे खरे स्मरण हाच तिचा उरलेला अधिकार आहे. ती थकत असे, चिडत असे, तिला अमुक हवे होते व ते मिळाले नाही, आणि ते न मिळण्यात आपलाही हात होता, एवढे कबूल केल्यावर तिच्या सेवेची थोरवी कमी होत नाही. उलट, तिने जे हसतमुखाने दिले ते किती होते, हे तेव्हाच कळते.

सभेनंतर चहाच्या वेळी आम्ही त्या कन्येस विचारले, आईस काय हवे होते? ती म्हणाली, "निवृत्तीनंतर एक महिना गावी जाऊन राहायचे होते. दर वर्षी म्हणायची, या नाताळाला जाऊ. दर वर्षी कोणाचे तरी बाळंतपण निघे, कोणाची तरी परीक्षा निघे." शेजारीच तिची दिल्लीत वाढलेली मुलगी बसली होती. तिला मराठी बोलता येते, पण सफाईने वाचता येत नाही. शांता गोखले यांनी केलेला 'स्मृतिचित्रे'चा इंग्रजी अनुवाद २०१७ साली याच शहरातून प्रसिद्ध झाला. तो तिने वाचला होता. ती म्हणाली, "लक्ष्मीबाईंनी लिहून तरी ठेवले. आजीने काही लिहिले नाही." क्षणभर थांबून ती आपल्या आईकडे वळली आणि म्हणाली, "आई, तुला काय हवे आहे?"

आईस चटकन उत्तर देता आले नाही. आम्ही निघालो तेव्हा ती अजून विचारच करीत होती.