देणाऱ्याची लाज

वारकरी सज्जनहो, दान देताना आपल्या मनात काय चालते, हे पाहू. गीतेच्या १७ व्या अध्यायात दान तीन प्रकारचे सांगितले आहे. परतफेडीची आशा न धरता, कर्तव्य म्हणून दिलेले सात्त्विक. फळावर डोळा ठेवून, कष्टी मनाने दिलेले राजस. अपात्री, तुच्छतेने दिलेले तामस.

कुणी म्हणेल, "महाराज, देताना आमचे मन कुरकुरतेच. मग देऊच नये काय?" आम्ही म्हणतो, बाबांनो, द्यावे! तुमचे मन शुद्ध होईतो भुकेल्याचे पोट थांबत नाही. मनाची मशागत देता देता करावी.

पण एक पथ्य पाळावे. तैत्तिरीय उपनिषदाने श्रद्धेबरोबर लाजही सांगितली, ती देणाऱ्याला! 'आपण दिले ते थोडेच' ही ती लाज. आपण मात्र ती घेणाऱ्याच्या पदरात टाकतो. चारचौघांत त्याला उभे करून आपले नाव पुकारतो.

पंढरीत चोखामेळा धर्मशाळा उभारणारे गाडगेबाबा (१८७६-१९५६) स्वतः चिंध्या पांघरून, हाती मडके घेऊनच हिंडले. तेव्हा पंगतीत वाढताना मान आपली लवावी, जेवणाऱ्याची लववू नये.