तळहाताचा आडोसा

म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे १९४५-४६ सालचे एक जलरंगचित्र आहे. (पुष्कळ जण ते राजा रविवर्म्याचे समजतात!) चित्रातील तरुणी म्हणजे त्यांची कन्या गीता. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा त्याला आडोसा. ज्योत दिसत नाही. दिसतात ती तिच्या प्रकाशाने आरक्त झालेली बोटे, उजळलेला चेहरा आणि साडीच्या मऊ चुण्या. जलरंगात उजेड मागाहून चढवता येत नाही; कागदाचा शुभ्रपणाच राखावा लागतो. रंगाचा एक हात अधिक फिरला की त्वचेची कांती गढूळ होते.

दिवा मापाखाली नव्हे, दिवठणीवर ठेवावा, असे प्रभूने शिकवले. मग हा तळहात म्हणजे मापच काय? मला तसे वाटत नाही. मापाखाली दिवा गुदमरतो. तळहात वारा अडवतो आणि स्वतः तापतो. परंतु नोकरीच्या परक्या गावी आपण विश्वासाविषयी मौन धरतो, त्याला सावधपणा म्हणतो, तेव्हा आपण यांपैकी नेमके काय करीत असतो? चित्रातील हातातून उजेड पाझरतो. आपल्या मौनातून काय पाझरते, ते शेजाऱ्यालाच विचारावे लागेल.