कोंडलेला वास

कॉलनीच्या कोपऱ्यावर ड्रेनेजचा उंच व्हेंट पाइप होता. त्यातून सडक्या अंड्यांसारखा वास यायचा. तक्रारी वाढल्या, तेव्हा नगरपालिकेतल्या नव्या ज्युनिअर इंजिनिअरने पाइपच्या तोंडावर पत्रा ठोकायला सांगितलं. शेजारच्या चेंबरचं झाकणही सिमेंटने सांधून टाकलं.

"साहेब, वास कोंडू नका," मुकादम म्हणाले. "बाहेर पडतोय तोवर बरं आहे. आत राहिला तर पाइपच खाईल."

"काँक्रीटचा ह्यूम पाइप आहे मामा. त्याला वास काय करणार?"

वास गेला. लोकांनी साहेबांना शाल-श्रीफळ दिलं. पुढे त्यांची बदली झाली.

बारा वर्षांनी ते शहर अभियंता म्हणून परत आले, आणि पहिल्याच पावसाळ्यात तो कोपरा खचला. पाण्याचा टँकर मागच्या चाकांवर खड्ड्यात बसला. सुदैवाने कुणाला लागलं नाही.

पाइपात कॅमेरा सोडला. ज्या तळावरून रोज घाण वाहते, तो तळ धडधाकट होता. पाणी जिथे कधी पोचतच नाही ते छत मात्र गेलं होतं. गंजक्या सळ्या लोंबत होत्या. वर काढलेला तुकडा साहेबांच्या हातात ओल्या खडूसारखा कुस्करला.

त्या रात्री त्यांनी पुस्तकं उघडली. पंपिंग लाइनमध्ये सांडपाणी तासन् तास हवेवाचून तुंबलं की आतल्या बुळबुळीत थरातले जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. पाणी चेंबरमध्ये उंचावरून आदळलं की हा वायू सुटतो आणि ओलसर छतावर बसतो. ताज्या काँक्रीटचा पीएच १२-१३ असतो, तिथे कुणी टिकत नाही. तो हळूहळू ९ च्या खाली उतरला की दुसरे जिवाणू वस्तीला येतात आणि त्याच वायूचं गंधकाम्ल करतात. मग पीएच एक-दोनवर येतो, सिमेंटचं जिप्सम होतं. हे जिवाणू मेलबर्नच्या सी. डी. पार्कर यांनी १९४५ सालीच वेगळे काढून दाखवले होते.

सकाळी साहेब निवृत्त मुकादमांच्या दारात उभे राहिले.

"मामा, तुम्हाला कसं कळलं होतं?"

"तीस वर्षं झाकणं उघडली साहेब. जिथं वास जास्त, तिथलं काँक्रीट नखाने निघायचं." मामा थांबले. "आणि एकदा वास येईनासा झाला, म्हणून माझा धाकटा भाऊ खाली उतरला. वर आलाच नाही. गॅस फार झाला की नाकच बधिर होतं, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं."

साहेबांना पुढे बोलता आलं नाही.

खचलेला पाइप बदलला. नव्याला आतून प्लास्टिकचं अस्तर दिलं. चेंबरमध्ये पडणारी लाइन पाण्याच्या पातळीखाली नेली, म्हणजे पाणी आदळणार नाही. पंपिंग स्टेशनवर कॅल्शियम नायट्रेटची मात्रा सुरू केली; नायट्रेट मिळालं की जिवाणू सल्फेटकडे वळत नाहीत. व्हेंट पाइपचा पत्रा काढला आणि त्याची उंचीही वाढवली.

पुढच्या उन्हाळ्यात कॉलनीतून पुन्हा अर्ज आला : वास येतो, बंदोबस्त करावा. साहेबांनी गाडी काढायला सांगितली. ड्रायव्हरने सवयीने कॉलनीचा रस्ता धरला.

"तिकडे नको," साहेब म्हणाले. "पंपिंग स्टेशनला घे. पाणी किती तास तुंबतंय ते बघू."