पुढारीपणाची कसोटी

जो सर्वांच्या पुढें चालतो तो पुढारी, अशी सामान्य समजूत आहे. आमच्या मतें ती अपुरी आहे. डिसेंबर २०२० मध्यें अॅडलेड येथें भारतीय क्रिकेट संघाचा दुसरा डाव अवघ्या ३६ धावांत आटोपला. कर्णधार कोहली अपत्यजन्मानिमित्त स्वदेशीं परतले आणि संघाची धुरा मुंबईच्या अजिंक्य रहाणे यांजकडे आली. मेलबर्नच्या पुढील सामन्यांत रहाणे ११२ धावांवर व जडेजा ४९ वर खेळत असतां, जडेजांच्या पन्नासाव्या धावेपायीं रहाणे धावचीत झाले. परंतु परततांना त्यांनीं जडेजांस धीरच दिला. जडेजांनीं अर्धशतक पुरें केलें, आणि सामना भारतानें ८ गडी राखून जिंकला.

चूक अशी पोटांत घालणें ही ढिलाई नव्हे काय, असा आक्षेप कोणी घेईल. आळस क्षम्य नाहीं, हें आम्हांसही मान्य आहे. पण आळस निराळा आणि प्रयत्नांत घडलेली चूक निराळी. पेढीचा जो मालक नफ्याचें श्रेय स्वतः घेतो व तोट्याचें खापर कारकुनावर फोडतो, त्याचे कारकून सावध होत नाहींत. ते तोटा लपवावयास शिकतात.

जानेवारी २०२१ मध्यें ब्रिस्बेन येथें मालिका २-१ अशी जिंकल्यावर रहाणे यांनीं चषक नवख्या नटराजन यांच्या हातीं दिला. नुकसान आपण सोसावें आणि मान सहकाऱ्यास द्यावा, हें ज्यास साधतें त्यासच आम्ही पुढारी म्हणूं.