तीन मुठी माती

घाटंजीच्या कब्रस्तानात मय्यतीला गेलं की आपण तीन मुठी माती टाकतो, मगफिरतीची दुआ मागतो आणि परततो. कफनाला पैसे नसतील तर मोहल्ला वर्गणी करतो. बेवारस मुसाफिराचीही मय्यत आपण पडू देत नाही. इतकं हे सवयीचं आहे, की हा माणसाचा हक्क आहे असं कधी मनातही येत नाही.

परभणीच्या आसिया बेगम यांना तो मिळाला नाही. त्यांचा मुलगा ख्वाजा युनूस, वय 27, दुबईत नोकरी करणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर. 2 डिसेंबर 2002 च्या घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या संशयावरून त्याला त्याच महिन्यात पोटाखाली पकडलं. जानेवारी 2003 मध्ये पोलिसांनी सांगितलं, औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि तो पळाला. सहआरोपी डॉ. अब्दुल मतीन यांनी मात्र न्यायालयात सांगितलं, कोठडीत पट्ट्याने झोडपल्यावर तो रक्त ओकताना मी पाहिला. सीआयडीच्या तपासातही तो कोठडीतच मेल्याचं निघालं. प्रेत आजवर मिळालेलं नाही.

आता प्रश्न असा, की अशा माणसाचं काय करायचं? आपल्या फिकहमध्ये बेपत्ता माणसासाठी ‘मफकूद’ हा शब्द आहे. मृत्यू ठरेपर्यंत तो जिवंतच धरला जातो, त्याची मालमत्ता वाटता येत नाही. पैगंबरांनी मदिनेत राहून हबशाच्या नजाशीची नमाज-ए-जनाजा पढली होती. त्यावरून शाफई गायबाना नमाज मानतात, आपले हनफी उलेमा मानत नाहीत. पण तिथेही मृत्यूची खबर खरी असावी लागते. इथे सरकारी कागद म्हणतो पळाला, साक्षीदार म्हणतो मेला. आईने हात उचलायचे ते कशासाठी, परतण्यासाठी की मगफिरतीसाठी?

काही भले लोक म्हणतात, सब्र करा, अल्लाहवर सोपवा. उच्च न्यायालयाने 2012 मध्ये वीस लाखांची भरपाईही दिली ना! मला हे पटत नाही. दिय्यत घेणं किंवा माफ करणं हा वारसांचा हक्क आहे, पण त्याआधी मारणारा कोण हे ठरावं लागतं. ज्याने गुन्हा कबूलच केला नाही, त्याला माफ कसं करणार? आणि हे वीस लाख तर सरकारी तिजोरीतले, म्हणजे तुमच्याआमच्या करातले. सीआयडीने 14 पोलिसांवर खटल्याची परवानगी मागितली, सरकारने चौघांपुरती दिली. डॉ. मतीन यांची साक्ष व्हायला 2018 उजाडलं. निलंबित असलेले ते चौघे जून 2020 मध्ये सेवेत परत आले. त्यांच्यातला अधिकारी 2021 मध्ये बडतर्फ झाला, तोही दुसऱ्याच प्रकरणात.

बसमधल्या त्या स्फोटात दोन माणसं गेली होती, हे विसरून चालणार नाही. खरा गुन्हेगार कळावा हा त्यांच्या घरच्यांचाही हक्क होता. 2005 मध्ये पुराव्याअभावी बाकीचे आरोपी सुटले. मारहाणीने ना त्यांना न्याय मिळाला, ना युनूसला.

मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात 1960 ते 1996 च्या यादवीत दोन लाखांवर माणसं मारली किंवा गायब केली गेली, बहुतेक माया आदिवासी. तिथेही उलट्या बाजूने विचारत, तुमचा मुलगा कशावरून मेला? जंगलात पळाला असेल. गायब झालेल्यांच्या बायका-आयांनी 1984 मध्ये संघटना काढली. पुढच्याच वर्षी तिच्या दोन प्रमुख कार्यकर्त्यांचा खून झाला. तरी बाकीच्यांनी विचारणं सोडलं नाही. 2005 मध्ये राजधानीत पोलिसांचं जुनं दफ्तर सापडलं, सुमारे आठ कोटी पानांचं. त्यातल्या कागदांच्या आधारे 2010 मध्ये दोन पोलिसांना चाळीस-चाळीस वर्षांची शिक्षा झाली. फर्नांडो गार्सिया हा कामगार कार्यकर्ता 1984 मध्ये गायब झाला होता, त्याच्याबद्दल. त्याच्या बायकोला सव्वीस वर्षांनी निकाल मिळाला. नवऱ्याचं प्रेत नाही.

सूरह मायदात काबीलची हकिकत आहे. भावाचा खून केल्यावर त्याचं काय करावं हे त्याला कळेना. अल्लाहने एक कावळा पाठवला. तो माती उकरू लागला, तेव्हा काबील शरमला. पहिल्या खुन्यालाही भाऊ मातीत झाकायचा असतो एवढं एका पाखराकडून शिकता आलं.

पारनेरला मात्र युनूसविरुद्धच गुन्हा नोंदवला गेला, पोलिसांच्या ताब्यातून पळून गेल्याचा.