खोड

गाडी एकदाची ठप्प झाली तर बरं असतं. बॅटरी उतरली, फ्यूज उडाला, वायर तुटली, की बिघाड जागेवर उभा असतो. मिस्त्री येतो, बोट ठेवतो, पैसे घेतो. जीव खातो तो मधूनच येणारा आणि मधूनच नाहीसा होणारा बिघाड. आमच्याकडं त्याला बिघाड म्हणतच नाहीत, खोड म्हणतात. शब्द बैलाचा आहे. काष्टीच्या बाजारात बैलाचे दात बघता येतात, पाय बघता येतात, चार पावलं चालवून घेता येतं. पण औताला जुंपल्यावर तिसऱ्या तासाला तो बसतो का, हे बाजारात कळायचं नाही. ते मालकालाच ठाऊक. म्हणून "खोडबिड हाय का काही?" असं विचारतात, आणि तिथं मालकाच्या इमानाची परीक्षा होते.

आबांच्या जीपला अशी खोड होती. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. जीप जुनी, पेट्रोलवरची, आमच्याकडं आली तेव्हाच तिची वायरिंग चार हातांनी गाठी मारून जोडलेली. उन्हाळ्यात, भर दुपारी, करंजी घाटात तापली की खाडकन बंद. बॉनेट उघडून अर्धा तास सावलीला बसायचं, मग पहिल्याच सेल्फला चालू, जसं काही झालंच नाही.

नगरच्या एका गॅरेजात नेली, तर तिथं घोड्यासारखी चालली. नगरच्या रणगाडा संग्रहालयात १९९४ सालापासून जुने रणगाडे उभे आहेत, त्यांना बिचाऱ्यांना ही अडचण नाही. ते चालतच नाहीत. चालणाऱ्या गाडीचं मात्र अवघड. समोर ठणठणीत इंजिन आणि शेजारी "बंद पडते हो" म्हणणारा मालक, यातलं खरं कुणाला मानायचं? दवाखान्यात नेमका न लागणारा म्हाताऱ्या माणसाचा दमही असाच असतो. डॉक्टरसमोर श्वास नीट चालतो आणि घरचे म्हणतात, म्हातारीचं नाटक आहे. माझं मत असं, की सांगणाऱ्याला खोट्यात काढायला 'मला दिसलं नाही' एवढं कारण पुरत नाही.

त्या मिस्त्रीनं आबांना खोट्यात काढलं नाही, पण गाडी तापायची वाटही बघितली नाही. प्लग बदलले, प्लॅटिनम पॉइंट बदलला, पैसे घेतले आणि म्हणाला, "झालं काम." थंडीचे दिवस होते. गाडी दोन महिने एकदाही बसली नाही.

याच दोन महिन्यांत शेवगावकडचा एक माणूस जीप बघायला आला. चुलतबहिणीचं लग्न वैशाखात धरलेलं, पैशाची निकड. त्यानं गाडी चालवली, त्याला आवडली, आकडाही जमत आला. आणि आबा म्हणाले, "उन्हाळ्यात घाटात बसायची. गॅरेजवाला म्हणतो, दुरुस्त झाली. मला काही ते माहीत नाही." माणूस चहा पिऊन गेला तो परत आला नाही.

काकू दोन दिवस आबांशी बोलल्या नाहीत. मग बोलल्या, ते बिनतोड होतं. "दोन महिने बसली का? मिस्त्री दुरुस्त झाली म्हणाला का? मग 'चांगली हाय' म्हणण्यात खोटं काय होतं?" लेकीच्या लग्नाचा हिशेब तांदूळ निवडता निवडता त्याच करत होत्या. त्यांचं म्हणणं मी हलकं धरत नाही. आबांनाही गाडीत बिघाड आहे हे कुठं माहीत होतं? त्यांना एवढंच माहीत होतं, की बिघाड कुणाला सापडलेला नाही. तो गेला असेल किंवा थंडीनं दबला असेल. पण जेवढं माहीत होतं तेवढं त्यांनी पुढं ठेवलं. न सापडलेल्या बिघाडाला गेला म्हणायचं, ही मिस्त्रीची घाई होती. तीच घाई आबांनी पुढच्या माणसाच्या गळ्यात बांधली नाही.

चैत्रात जीप पुन्हा बसली.

या खेपेला तिसगावकडचा एक म्हातारा मिस्त्री गाठला. तो म्हणाला, "माझ्यासमोर बंद पडल्याबिगर मी हात लावणार नाही." दुपारी दोनला तो जीपमध्ये बसून घाटात आला. गाडी बंद पडली. सवयीनं आबा ओलं फडकं घेऊन पुढं झाले; आम्ही कॉइलवर आणि पेट्रोलच्या पंपावर, दोन्हीवर ओलं फडकं टाकायचो. मिस्त्रीनं हात धरला. "दोन्हीवर टाकलं की गाडी चालू होती, पण कळत काहीच नाही." त्यानं प्लगची वायर काढून ठिणगी बघितली. अगदी फिकी, पिवळसर. म्हणजे पेट्रोल नव्हे, करंट. मग डेल्को उघडला. जुने मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात; चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ साली अमेरिकेत डेटनला काढलेल्या कंपनीचं हे नाव. पॉइंट उघडला की कॉइलमधला करंट तुटतो आणि त्या झटक्यात बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात. हा तुटणारा करंट पॉइंटवरच ठिणगी होऊन वाया जाऊ नये म्हणून बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. तो आतून सैल झाला, तर गार असताना चालतो आणि तापला की हात वर करतो.

मिस्त्रीनं खिशातला दुसरा कंडेन्सर लावला. गाडी चालू झाली. आबा सुटकेनं हसले. तोवर त्यानं इंजिन बंद करून नवा काढला आणि जुना परत लावायला घेतला. मधल्या वेळात तो गार होऊ नये म्हणून तापल्या इंजिनावरच ठेवलेला.

आबा चिडले. "चालू झाली ना? मग परत कशाला बिघडवतो?"

"आपोआप बी चालू होतीच की ती, आबा. मला बिघडवता आली, तर सापडली म्हणायची."

जुना लावला, गाडी चालू होईना. नवा लावला, चालू. हे त्यानं दोनदा केलं, भर उन्हात.

कंडेन्सरची किंमत किरकोळ. मिस्त्रीनं मागितली पूर्ण दिवसाची मजुरी. आबांना ते जड गेलं, रस्त्यात घासाघीसही झाली. पहिल्या गॅरेजात भरलेल्या पैशाला मात्र त्यांनी कुरकुर केली नव्हती. तिथं निदान बदललेल्या सामानाची पिशवी हातात मिळाली होती. शेवटी दिली मजुरी पूर्ण.

लग्न सोसायटीच्या कर्जावर झालं आणि ते कर्ज तीन वर्षं फिटत होतं. काकूंनी तो विषय पुन्हा काढला नाही, पण हप्त्याच्या दिवशी घरात भांडी जरा मोठ्यानं वाजायची.

पुढं जीप विकली, तेव्हा घाटाची खोड उरली नव्हती. डावीकडं वळताना आपोआप वाजणारा हॉर्न मात्र शेवटपर्यंत कुणाला सापडला नाही. आबांनी घेणाऱ्याला तो आधी सांगितला, मग वळवून वाजवून दाखवायला गेले, तर त्या दिवशी तो वाजेचना.