चाकाआडची अमानत



व्यवहारातील सचोटीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर तराजू उभा राहतो. पवित्र कुरआनच्या ८३ व्या सूरहचे नावच 'अल-मुतफ्फिफीन', म्हणजे मापात घट करणारे, असे आहे. स्वतः घेताना पुरेपूर घ्यायचे आणि दुसऱ्याला देताना हात आखडायचा, या वृत्तीला तेथे कठोर इशारा दिलेला आहे. परंतु ज्या कामाचे खरेखोटे ग्राहकाला दिसतच नाही, तेथे तराजू कोणाच्या हाती असतो? दारातील मोटारीचे ब्रेक चिकटले की हा प्रश्न प्रत्येक कुटुंबासमोर येतो.

मालवणच्या किनाऱ्यावर तर तो वारंवार येतो. देवबाग, तारकर्ली, आचरा या गावांत खारा वारा बारमाही वाहतो आणि जूनपासून चार महिने धो धो पाऊस कोसळतो. अनेक घरांतील कमावती माणसे मुंबईत किंवा आखाती देशांत असतात. गाडी महिनोन्महिने अंगणात उभी राहते. ईदला घरी येऊन गाडी बाहेर काढावी, तर ती एका बाजूला ओढू लागते, थोडे अंतर जाताच एकच चाक अधिक तापते आणि जळका वास येतो.

यामागील कारण समजून घेणे अवघड नाही. ब्रेक दाबला की ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड फिरत्या डिस्कवर दाबले जातात. पाय काढला की ते सैल व्हायला हवेत. कॅलिपर ज्या पिनांवर मागेपुढे सरकतो त्या कोरड्या पडल्या किंवा पिस्टनला गंज चढला, तर पॅड डिस्कला घासतच राहतात. पिना अडकल्या असतील तर त्या साफ करून उष्णता सोसणारे आणि रबराला अपाय न करणारे खास ग्रीस लावले की काम भागते. साधे ग्रीस वापरल्यास रबर फुगते आणि दोष परत येतो. पिस्टनचे रबर खराब असेल तर रबरांचा संच बदलावा लागतो. पिस्टन आणि त्याचे घर गंजाने खड्डे पडून खराब झाले असेल, तेव्हाच संपूर्ण कॅलिपर बदलण्याची वेळ येते.

कधी कधी तर दोष कॅलिपरमध्ये नसतोच. जॅकवर उचललेले चाक फिरत नसेल आणि ब्लीड निपल उघडताच ते मोकळे झाले, तर ऑइलचा दाब मागे अडकून पडलेला असतो. तेव्हा आतून सुजलेला होज पाइप किंवा मास्टर सिलिंडर तपासावा लागतो. मागच्या चाकांना पुष्कळदा हँडब्रेकची केबलच धरून ठेवते. म्हणजे लक्षण एकच. पण उपाय अनेक, आणि त्यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचे अंतर.

यांतील खरा उपाय कोणता, हे मेकॅनिक जाणतो. ग्राहक जाणत नाही. येथेच अमानतीचा प्रश्न उद्भवतो. सहीह मुस्लिममधील एक प्रसंग सर्वपरिचित आहे. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतील धान्य ओले लागले. पावसाने ते भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. त्यावर, लोकांना दिसेल असे ते वरच का ठेवले नाही, असे प्रेषितांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे स्पष्ट केले. धान्य भिजणे हा त्या माणसाचा अपराध नव्हता. ओले धान्य झाकणे हा अपराध होता. चाकाआडचा कॅलिपर हाही असाच ढिगाच्या आतील भाग आहे. जुना सुटा भाग ग्राहकाच्या हाती देऊन त्यातील दोष दाखविणे, हे ओले धान्य वर ठेवण्यासारखेच आहे.

ज्ञान झाकण्याचा हा मोह केवळ छोट्या गॅरेजपुरता नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. मूळ सुटे भाग आणि दुरुस्तीचे तांत्रिक साहित्य स्वतंत्र गॅरेजांना खुलेपणाने मिळू न देणे, हा त्यामागील आक्षेप होता. पुढे अपिलात काही कंपन्यांचा दंड कमी झाला. परंतु माहिती रोखून धरली की ग्राहकाला अधिक किंमत मोजावी लागते, हे त्या प्रकरणातून दिसून आले.

आता, वाचकहो, दुसरी बाजूही न्यायाने पाहू या. एखाद्या मेकॅनिकने तासभर तपासून प्रामाणिकपणे सांगितले, "कॅलिपर चांगला आहे, फक्त पिना साफ केल्या", तर आपण काय म्हणतो? "एवढेच ना? मग पैसे कशाचे?" तोच मेकॅनिक नवा कॅलिपर बसवून मोठे बिल पुढे ठेवतो, तेव्हा आपण मुकाट्याने पैसे देतो, कारण हातात धरता येईल अशी वस्तू मिळालेली असते. वस्तूचे मोल द्यायचे आणि ज्ञानाचे मोल नाकारायचे, असा आपला रिवाज झाला आहे. प्रामाणिक निदान करणारा त्यात उपाशी राहतो आणि अनावश्यक भाग बदलणारा भरभराटीला येतो. यामुळे फसविणाऱ्याचा गुन्हा हलका होत नाही. परंतु त्याच्या बाजारात आपणही गिऱ्हाईक असतो, हे विसरता येत नाही. मापात घट करणारा केवळ दुकानातच बसलेला असतो असे नाही.

म्हणून जादा पैसे न देण्याचा पहिला मार्ग घासाघीस नसून आधी ठरविणे हा आहे. इस्लामी कायद्यात मजुरीच्या कराराला 'इजारा' म्हणतात. त्यात काम आणि मोबदला दोन्ही स्पष्ट असणे अपेक्षित आहे. तपासणीची मजुरी वेगळी ठरवा आणि दुरुस्ती झाली नाही तरी ती द्या. चाक उघडल्यावर दोष दाखवायला सांगा, खर्चाचा अंदाज लिहून घ्या, जुना भाग परत मागा आणि पक्के बिल घ्या. सेवेचे बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मात्र प्रत्येक जादा रकमेत लबाडी शोधू नका. एका चाकाचा पॅड झिजला असता जोडीच्या चाकाचाही बदलणे हे सुरक्षिततेसाठी आवश्यक असते. अकारण संशय घेण्यापासूनही कुरआनने आपल्याला रोखले आहे.

काटकसरीलाही एक सीमा आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. जुन्या ऑइलची उकळण्याची मर्यादा खाली येते. चिकटलेल्या ब्रेकने तापलेली गाडी आंबोलीचा किंवा करूळचा घाट उतरत असेल, तर ऐनवेळी पॅडल पोकळ होऊ शकते. रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे हा ज्यांच्या श्रद्धेचा भाग आहे, त्यांनी सदोष ब्रेकची गाडी रस्त्यावर आणणे कसे शोभेल? तेथे वाचविलेला पैसा आपला नसतो. त्याची किंमत समोरून येणाऱ्या अनोळखी कुटुंबाच्या जिवाने मोजली जाऊ शकते.

गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असेल तर सपाट जागी, गियरमध्ये, चाकांना दगडाची ओट लावून आणि हँडब्रेक सोडून ठेवावी. घरातील कोणी पंधरवड्यातून एकदा ती थोडी फिरवावी. आणि जेव्हा एखादा कारागीर तुमचे मोठे बिल वाचवील, तेव्हा घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची प्रेषितांची शिकवण आठवा. त्याच्या हाताइतकेच त्याच्या खरेपणाचे मोल द्या, म्हणजे पुढच्या ग्राहकाशीही खरे बोलणे त्याला परवडेल.